भुजंग जमादाराची चौथी गल

भुजंग जमादाराच्या तोंडात दोनच गोष्टी असायच्या, एक तंबाखू आणि दुसरी चौथी गल. तंबाखू तो निदान अधूनमधून थुंकायचा तरी.

जालन्याच्या छावणीतून गोरी पलटण कधीच निघून गेली होती, पण जाताना आपला एक खेळ माळावर विसरून गेली. गोल्फ म्हणत त्याला. विटीदांडू आणि गोट्या यांचं लग्न लावलं आणि त्यांना पोर झालं तर ते असंच निघेल. हातात वाकड्या तोंडाचा दांडू, पायाशी पांढरी गोटी, आणि ती दूरच्या गलीत, म्हणजे जमिनीतल्या भोकात, पडेपर्यंत मारत सुटायचं. ज्याचे टोले कमी तो जिंकला. निजाम सरकारचे अंमलदार, रेल्वेचे दोनचार साहेब आणि कोटाची बटणं अजून लागणारे वकील असे सगळे मिळून संध्याकाळी हा उद्योग करत. माळावर अशा नऊ गली होत्या. लांबच्या गलीला पाच टोले, मधल्यांना चार, आणि दोन अगदी जवळच्या, त्यांना तीनच. तिनाच्या गलीला, जिथून खेळ सुरू करायचा त्या ओट्यावरून, पहिलाच टोला थेट गलीजवळ पडावा लागे. गलीभोवती हिरवळ कुठली असायला? तेल पाजलेली वाळू गोल दाबून, झाडून ठेवलेली असे. भुजंग तिला खळं म्हणायचा आणि खळं राखतात तसंच राखायचा. चिमणी उतरली तरी धावून जायचा.

मूळचा तो पिंपळगाव रेणुकाईचा. थोरल्या भावाशी बांधावरून वाजलं, तेव्हा बायकोला आणि दोन लेकरांना घेऊन जालन्याला आला. या खेळाच्या क्लबात जमीन दाबायचा दगडी रूळ ओढायला बैल होते आणि बैलांना हाकायला माणूस नव्हता. तिथं चिकटला तो जमादार झाला. स्वतः त्यानं दांडू एकदाही हातात धरला नव्हता. पण स्वयंपाकघरात पाय न ठेवलेला सासरा जशी आमटीतली खोड बरोबर काढतो, तसा भुजंग गलींच्या खोडी काढायचा. आणि सासऱ्यासारखीच त्याची एक लाडकी होती.

ती चौथी.

ओट्यावर उभं राहिलं की समोर कोरडा नाला, नाल्यात निरगुडी, पलीकडे उंचवट्यावर खळं. खळ्याच्या डाव्या अंगाला, अगदी उंबऱ्याशी, वाळूचा एक खड्डा. उजवीकडे मोकळा उतार. पश्चिमेचं वारं नाल्यातून वर घुसायचं आणि हवेतली गोटी डावीकडे ढकलायचं, म्हणजे बरोबर खड्ड्यात.

"आता बगा," भुजंग आळीतल्या कट्ट्यावर सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. "ज्याला भ्या वाटतं त्यानं उजवीकडं मारावं. उतारावर पडंल. तिथून एक हलका टोला खळ्यावर, मंग दोन. चार झाले. इज्जत राह्यली, पन बक्षीस न्हाई. ज्याच्यात हिंमत हाये त्यानं खड्ड्याच्या डोक्यावरून मारावं. जमलं तर तीन, कधी दोन. न्हाई जमलं तर बसा वाळू उकरत. भित्र्याला वाट हाये, हिमतीवाल्याला मान हाये, फुकट कुनालाच काय न्हाई. याला म्हनावं गल!"

"आन् सातवी?" कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं.

सातवी क्लबाच्या व्हरांड्यासमोर होती. तिचेही तीनच टोले, पण चौथीहून लांब, सरळ, दोन्हीकडे काटेरी थोराचं कुंपण. साहेबांना ती फार आवडे, कारण चहा पिता पिता दुसऱ्याची फजिती दिसायची.

"सातवी!" भुजंग असा काही थुंकायचा की ऐकणाऱ्यानं पाय मागं घ्यावा. "ती अवघड हाये, चांगली न्हाई. दोन्हीत फरक हाये का न्हाई? आरं, दारात भिंत बांधली तर घरात जानं अवघडच हुईल, म्हनून काय ती भिंत चांगली? सातवीत नुसता दंडाचा जोर लागतो. टोनग्याला दांडू दिला तर टोनगा बी खेळंल. चौथी मानसाला इचारते, बाबा, तू हाईस कसा?"

एवढं तो पोटतिडकीनं सांगायचा, पण ऐकणाऱ्यांच्या कानात त्यातलं राहायचं ते निराळंच. कारण शेवट ठरलेला असे, क्लबातल्या काकासाहेब वकिलांचा: "आज काकासायेब पुन्हा खड्ड्यात! अशा शिव्या दिल्या, अशा शिव्या दिल्या, बैलांनी कान पाडले." सगळी आळी हसायची आणि शिव्या तेवढ्या लक्षात ठेवून उठायची. सगुणाबाई, म्हणजे भुजंगची बायको, आत भाकरी थापता थापता हेच ऐकायची. दोन्ही मुलगे कापसाच्या जिनिंगात लागलेले, मुलगी नव्हती. आळीतल्या बायका चौथ्या गलीलाच भुजंगची पोरगी म्हणत. "काय सगुणाबाई, तुमच्या पोरीनं आज कुनाला शिव्या द्यायला लावल्या?" सगुणाबाई हसायची खरी, पण आपल्या घरच्या कशालाही कुणी शिव्या द्याव्यात हे तिला आतून लागत होतं.

त्या वर्षी फाल्गुनात हुकूम आला की माळाचा एक तुकडा सरकारी घोड्यांच्या तबेल्याला द्यायचा. तुकडा म्हणजे एक तिनाची गल जाणार. चौथी की सातवी, यावर क्लबात भांडणं लागली. क्लबाचे सेक्रेटरी काकासाहेब, अंबडचे नावाजलेले वकील. त्यांनी तोडगा काढला. सिकंदराबादेला एक म्हातारा मेजर होता, असली मैदानं आखण्यात त्याची हयात गेलेली. त्यानं यावं, दोन्ही गली खेळून पाहाव्यात, आणि जी कमअस्सल ती घोड्यांना द्यावी.

भुजंगला जेवण गोड लागेना. काकासाहेबांचं मत कुठं पडणार हे त्याला ठाऊक होतं. ज्या खड्ड्यात माणूस दर शनिवारी बसतो, त्याच्या बाजूनं तो कसा बोलेल? सगळी भिस्त मेजरवर. आठवडाभर त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"पंच येऊन राह्यला! पाह्यला येऊन राह्यला! न्हाई पसंत पडली तर नांगर फिरंल तिच्यावर. घोडे मुततील तिथं, घोडे!"

"आवो, पन पसंत न पडाया काय झालं?" सगुणाबाई म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून भुजंग उठला, आणि इथंच त्यानं माती खाल्ली. कारण पाहुणे पाहायला येणार, पसंत पडायला हवी, नाही पडली तर जन्माचं वाटोळं, यातलं सगुणाबाईला सगळं कळत होतं. आपल्याकडे कुठल्या बाईला कळत नाही?

मेजर यायच्या आदल्या दिवशी काकासाहेबांनी भुजंगला अंबडला पिटाळलं. त्यांचे दांडू तिथल्या घरी राहिले होते. भुजंग गेला, आणि परतीची मोटार वाटेत अशी रुसून बसली की रात्र त्याला अंबडातच काढावी लागली.

इकडे सगुणाबाईनं साळूबाईला हाक मारली. साळूबाई म्हणजे शेजारीण, आणि आळीतल्या सगळ्या सोयरिकी जुळवणारी आडती.

"साळूबाई, उद्या पाह्यला येनार."

"मंग? न्हाऊमाखू घातलं का तिला?"

दोघी माळावर गेल्या. साळूबाईनं कमरेवर हात ठेवून चौथी गल पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळली, उपवर पोरगी न्याहाळावी तशी. "रंग बरा हाये. बांधा बी बरा हाये. हे झिपरं कापावं लागंल." हे निरगुडीला. मग खड्ड्यापाशी येऊन तिनं जीभ चावली. "अगं बाई! हीच का ती खोट? जिच्यापायी शिव्या खाते?"

"हीच."

"आन् असंच दाखवनार व्हता?"

बिरू धनगर पलीकडं मेंढरं घेऊन उभा होता. त्याचं आणि भुजंगचं जुनं वाकडं. भुजंग त्याची मेंढरं खळ्याच्या वाऱ्याला उभी राहू देत नसे. पण सगुणाबाई त्याला दादा म्हणायची. तिनं हाक मारली तसा तो फावडं आणायला गेला. "भांडन जमादाराशी हाये," तो म्हणाला, "पोरगी तर आपल्या आळीचीच हाये ना?"

दिवस मावळायच्या आत आळीनं पोरगी सजवली. नाल्याच्या काठचा मुरूम ओढून खड्डा भरला, पाणी मारून, धुम्मस करून असा बसवला की वरून गाडी गेली असती. निरगुडी कापली. ओटा शेणानं सारवला, त्यावर रांगोळी घातली. गलीत उभ्या असलेल्या निशाणाच्या काठीला आंब्याचं तोरण बांधलं, ते जमिनीपर्यंत लोंबलं. सगुणाबाईच्या तळहाताला फोड आले. ती समाधानानं घरी गेली.

सकाळी भुजंग मोटारीतून उतरला तो थेट क्लबात, दांडूंचं ओझं खांद्यावर. मेजर तयार उभा. आधी सातवी झाली, सातवीवर मेजर नुसता "हूं" म्हणाला, आणि त्या एका हुंकारानं भुजंगचा जीव सुपाएवढा झाला. मग मंडळी चौथीकडे निघाली. बाभळीचं वळण घेतलं आणि भुजंगला पहिल्यांदा रांगोळी दिसली. मग तोरण. मग त्याची नजर पुढं गेली, डावीकडे, खळ्याच्या उंबऱ्याशी.

तिथं काही नव्हतं. तव्यावरच्या भाकरीसारखी गुळगुळीत जमीन.

तोंडातली तंबाखू त्यानं गिळली.

मेजर ओल्या सारवणावर जरा घसरला, सावरला, आणि त्यानं टोला मारला. वाऱ्यानं आपलं काम इमानेइतबारे केलं. गोटी डावीकडे सरकली, बरोबर जिथं पडायला हवी तिथं पडली, टणकन उडाली आणि सावकाश चालत खळ्यावर गेली, सासरी निघालेल्या सुनेसारखी.

मग काकासाहेब. त्यांचा टोला म्हणजे टोला नव्हताच. गोटी जमिनीवरून सरपटत नाल्यात गेली, धोंड्यावर आपटून वर आली, बसवलेल्या मुरमावरून धावत सुटली, खळ्यात शिरली आणि तोरणाच्या पानाला अडून गलीपासून वीतभर अंतरावर थांबली. दुसऱ्या टोल्याला आत.

दोन! काकासाहेबांना या गलीत आजवर चारसुद्धा जमले नव्हते. त्यांनी पगडी काढून पुन्हा घातली. मेजरशी हात मिळवला, मग चुकून भुजंगशीही.

"हुजूर," भुजंग मेजरपुढं गेला, "ही अशी न्हाई, हुजूर. हिला खड्डा हाये."

"गड्ढा? किधर है?"

"हाये म्हंजे... व्हता. हितं. हितंच."

"कसला खड्डा?" काकासाहेबांचा वकिली आवाज लागला. "मेजरसाहेब, मी इतकी वर्षं इथं खेळतो आहे. इथं खड्डा असता तर मला दिसला नसता?"

"सरकार! आवो तुमी त्याच्यात..."

"मी त्यात काय?"

आता वकिलाला, तेही साहेबासमोर, 'तुमी त्याच्यात बसून आईबहीण काढत व्हता' हे कसं म्हणावं?

"साक्षीदार आहे?" काकासाहेबांनी विचारलं.

भुजंगनं चहूकडे पाहिलं. पलीकडच्या चढावर घोंगडी पांघरून बिरू उभा. "बिरू! ये इकडं! सायबाला सांग, हितं खड्डा व्हता का न्हाई?"

बिरूनं भुजंगकडे पाहिलं. मग बाभळीआड उभ्या सगुणाबाईकडे पाहिलं. ती दोन्ही हात हलवून नको नको करत होती. पाहुण्यांपुढं पोरीची खोट सांगणारा माणूस बिरू नव्हता.

"न्हाई बा," तो ठणकावून म्हणाला. "आमच्या गलीत कायबी खोट न्हाई. बिलकुल न्हाई."

काकासाहेबांनी क्लबाच्या व्हरांड्यात परतल्यावर चौथीची अशी वकिली केली, अशी केली, की खुनी सुटला असता. ही गल गेली तर क्लबाची शान गेली म्हणाले. आपले दोन टोले ज्या गलीत लागले ती गल घोड्यांखाली जाणं त्यांना आता सोसणार कसं? मेजरला संध्याकाळची गाडी गाठायची होती. चौथी राहू द्या, सातवी द्या, असं त्यानं सांगितलं. भुजंगनं तेवढ्यात एकदा तोंड घातलं, उद्या सकाळी खड्डा पुन्हा खणतो म्हणाला. त्यावर काकासाहेबांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला. चौथी गल जशी आहे तशीच राहील, जमादारानं तिथं फावडं लावलेलं दिसलं तर त्याची नोकरी गेली.

जाताना मेजरनं भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला. "अच्छा है जमादार। मगर थोड़ा सीधा है।"

थोडा सीधा, म्हणजे सोपा! चौथीला! भुजंग घरी आला तेव्हा सगुणाबाई दारातच साखर घेऊन उभी होती.

"पसंत पडली ना?"

"पडली."

"मंग तोंड का वाकडं करून राह्यले?"

भुजंगनं पगडी खुंटीला मारली, ती खाली पडली. ओरडायला तोंड उघडलं, तोवर तिच्या तळहातावरचे फोड दिसले. त्यानं वाकून पगडी उचलली. मग म्हणाला, "अगं, तो खड्डा म्हंजे खोट नव्हती. तिचं नाक व्हतं ते. बिननाकाची पोरगी पसंत करून गेले लोक."

"मंग आधी सांगायचं व्हतं," सगुणाबाई म्हणाली. "रोज येऊन काय सांगत व्हते? खड्ड्यापायी शिव्या बसतात म्हनून. शिव्या खानारी वस्तू घरात कोन ठिवतं?" आणि आत वळता वळता, "एक तुमाला ठिवलंय तेवढं पुरं."

पुढचे महिने आळीला मेजवानी होती. शनिवारी साहेब लोक चौथीवरून हसत हसत यायचे. ज्यानं त्यानं तिथं तीन काढावेत. क्लबातल्या आजारी मुन्सफांनीसुद्धा काढले. "काय जमादार, तुमची पोरगी लई गुनाची निघाली!" साळूबाई म्हणायची. भुजंग तंबाखूसुद्धा जोरात थुंकेनासा झाला. खळं झाडायचा, निशाण रोवायचा आणि त्या गुळगुळीत जागेला वळसा घालून जायचा, जसा माणूस रुसलेल्या सोयऱ्याचं दार टाळतो.

शेवटी एक दिवस तो आपल्या पायानं बिरूकडे गेला. बिरू मेंढरू कातरत होता.

"खोटं का बोलला रं?"

"तुमच्या बायकोनं नको म्हनलं."

"इतकी मेहनत केल्ती मी त्या खड्ड्यावर..."

"तुमी?" बिरूनं कातर थांबवली. "जमादार, तुमी फकस्त वाळू टाकली. खड्डा माझ्या मेंढरांनी केल्ता. आखाडाचं वारं सुटलं की ती त्या चढाच्या आडोशाला दडून बसायची. बसून बसून, खुरं घासून खोल झाला. तुमी जमादार झाले, वाळू टाकली आन् आमालाच हाकलून दिलं."

भुजंगनं हे कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. कट्ट्यावरच्या गोष्टीत खड्डा त्यानं स्वतः आखलेला होता, दोरी लावून. मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. हुकूम होता फावड्यावर. मेंढरांवर कुठं होता?

"बिरूदादा," तो म्हणाला. दादा त्यानं जन्मात पहिल्यांदा म्हटलं. "मंग बसव ना त्यांना तिथं."

"मेंढरं हायेत, पलटन न्हाई. त्यांना वाटलं तर बसतील."

आणि त्यांना वाटेना. आखाड लागला, वारं सुटलं. मेंढरं ओट्यावर बसली, नाल्यात बसली, चक्क खळ्यावर बसून लेंड्या टाकून गेली, पण त्या जागी बसेनात. मुरूम टणक, कोण बसेल? भुजंगनं तिथं पाणी ओतलं. मीठ टाकलं. एका दुपारी तर आळीतल्या लोकांनी असं पाहिलं की क्लबाचा जमादार डोक्यावर घोंगडी घेऊन त्या जागी उकिडवा बसला आहे आणि मेंढरांना म्हणतो आहे, "बगा, हितं वारं लागत न्हाई. या ना गं, या ना!" मेंढरं लांब उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. साळूबाईनं ते दृश्य पाहायला माहेरची माणसं बोलावली होती, असं ऐकिवात आहे.

श्रावणाच्या झडीत मुरूम फुगला, भुसभुशीत झाला. एका सकाळी एक म्हातारी मेंढी तिथं गेली, जागा हुंगली, चार वेळा गोल फिरली आणि बसली. तिच्यामागं दुसरी. भुजंग बाभळीआड श्वास धरून उभा होता. त्या दिवशी त्यानं आळीत कुणालाही काही सांगितलं नाही. तो गप्प बसला, हीच आळीत बातमी झाली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी काकासाहेबांनी चौथीच्या ओट्यावरून टोला मारला. गोटी डावीकडे सरकली, पडली, आणि दिसेनाशी झाली. काकासाहेब तिथवर चालत गेले. गुडघाभर नाही, पण चांगला परातीएवढा खड्डा. त्यांनी दांडू मारला, माती उडाली. पुन्हा मारला. मिशीत माती गेली. पाचव्या टोल्याला त्यांच्या तोंडून ते जुने, ओळखीचे शब्द बाहेर पडले, आणि दूरवर रुळाला जुंपलेल्या बैलांनी कान पाडले.

"भुजंग! हा खड्डा कुठून आला?"

भुजंग धावत आला. वाकून त्यानं खड्ड्यात पाहिलं, मग काकासाहेबांकडे. चेहरा असा भोळा की देवळात बसवावा.

"कसला खड्डा, सरकार? हितं कधीच खड्डा नव्हता. सरकारांनीच तसं सायबाला सांगितलं ना?"

काकासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली गोटीकडे. आपले ते दोन टोले एकदा डोळ्यांपुढून गेले असावेत. ते पुन्हा वाळूत, म्हणजे मातीत, वाकले.

घरी येऊन भुजंगनं जेवायला बसताना पहिल्यांदा नीट मांडी घातली. सगुणाबाईनं ताट पुढं सरकवलं.

"झालं ना मनासारखं?"

"कसलं मनासारखं?" भुजंगनं भाकरी मोडली. "हातभर डावीकडं झालाय. जुना कसा बराबर उंबऱ्याला व्हता. मेंढरांना अक्कल असती तर!"